कादर, गूळ आणू का?

कादर, तू गेल्याचं सांगायला तुझा मेहुणा दारात आला तेव्हा मी आमच्या पोरावर ओरडत होतो. शर्टाची गुंडी तोडून आला होता, एवढंच कारण. मेहुणा उंबऱ्याशी थांबला, खाली बघत काय ते बोलला, आणि माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता मी तावातावानं ओरडायला लागलो की मागून येऊन "बाबू, गूळ आणू का बे?" असं मला कोण विचारणार? रडू त्याच्यानंतर आलं. क्रम चुकला खरा, पण तुझ्या बाबतीत माझा क्रम कधी बरोबर होता?

रोहिणखेडला नेलं तुला. तुझी इच्छाच होती म्हणे, मलकापूरच्या मातीत नको, आपल्या गावच्या मातीत. जुन्या मशिदीच्या मागच्या अंगानं तुला नेताना मला ती भिंत दिसली, जिच्यावर चढून आपण चिंचा पाडायचो आणि तू खाली पडून मौलवीसाहेबांच्या बकरीवर आदळला होतास. खांदा द्यायला मी मधे घुसलो तर कुणी अडवलं नाही. फार हलका लागलास रे. सारा जन्म काट्यावर बसून कापूस तोललाय मी, मला वजन हातालाच कळतं. बायलरच्या धगीनं तुझ्या अंगात काही ठेवलंच नव्हतं, आणि तू मात्र शेवटपर्यंत खोकला दाबत लोकांना हसवत बसलास. याचा मला राग आहे. तो राग आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

हे लिहितोय ते तुला वाचता येणार नाही, ही एक सोयच आहे. तू जिवंत असतास तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू दर ओळीला मांडीवर थाप मारून "हे खोटं हाय, हे काढ" म्हणाला असतास. आता बस ऐकत. मधे बोलायचं नाही.

आपण दोघं एकाच साली कापसाच्या जिनात लागलो. मी चार बुकं शिकलेला म्हणून काट्यावर बाबू, तू बायलरवर कोळसा टाकायला. बाबू झाल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली, हे कबूल. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं की चार लोकांत मला 'बे' म्हणत जाऊ नकोस, बरं दिसत नाही. तू फार गंभीर चेहरा करून मान हलवलीस आणि म्हणालास, "बरं, बाबूसायेब बे." त्यानंतर मी तो विषय सोडला. मी स्वतः मात्र तोंडातला 'बे' पार काढून टाकला.

मग मंदी आली. कापसाला कुत्रं विचारीना. गाड्या भरून यायच्या आणि तशाच भरलेल्या परत जायच्या. मलकापुरातल्या जिनांचे भोंगे एकेक करून मुके झाले. आमचा तेवढा वाजत राहिला, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो. पण त्या भोंग्याचं असं झालं, की तो ऐकला की सगळे एकमेकांकडे बघायचे. आज कुणाला 'उद्यापासून येऊ नका' होईल, ते कळायचं नाही. आणि हीच गोष्ट आमच्या हेडबाबूला बरोबर कळली होती.

तो बाहेरून आलेला माणूस. धोतर परीटघडीचं, बोलणं तूप लावल्यासारखं, आणि ओरडायला लागला की सरकी काढायचे रेचे चालू असतानाही ऐकू यायचं. तूच त्याचं नाव 'धाकला भोंगा' ठेवलंस. मंदीच्या आधी तो नुसता चिडका होता. मंदीत त्याला ठाऊक झालं की इथून हाकललेला माणूस कुठेही जाऊ शकत नाही, आणि मग त्याच्या चिडण्याला बहर आला. रेच्यावर कापूस लावणाऱ्या बायांना लेकराला पाजायला जाऊ द्यायचा नाही. फिटरला सगळ्यांसमोर कान धरायला लावला त्यानं. म्हातारा फिटर, नातवंडं असलेला.

आणि त्यानं तो काट्याचा खेळ काढला. सकाळी फाटक उघडलं, गाडीवाले आत आले, बाया जमल्या, की तो एकाला निवडायचा आणि कापूस तोलायच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवायचा. दुसऱ्या पारड्यात सरकीची पोती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "एवढी सरकी म्हशींना घातली तर म्हशी दूध देतात. हे काय देतात?" लोक हसायचे. हसले नाहीत तर उद्या त्यांची पाळी. माणसं हसत होती म्हणून मी त्यांच्यावर चिडलेलो नाही, मीही पहिल्या दिवशी हसलो होतो.

पुढे पुढे तो मलाच बसवायला लागला. मी का? तू एकदा सांगितलं होतंस, की मी फार लवकर घाबरतो आणि ते तोंडावर दिसतं. फिटर दात खायचा, बाया मागे शिव्या घालायच्या, मी मात्र पारड्यात मुकाट बसून 'हो साहेब' म्हणायचो. माझाच काटा. ज्याच्यावर मी दिवसभर गाड्या तोलायचो, त्याच्यात मी टांगलेला, गुडघे छातीशी घेऊन. आणि उतरलो की त्याच काट्यावर काम करायचं.

माझं काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. माप घेतलं तरी ते बरोबर आहे असं वाटेना, पुन्हा घ्यायचो, पुन्हा घ्यायचो, गाडीवाले वैतागायचे. वजन हातातून सुटून पायावर पडायची वेळ यायची. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको बोलली तर ओरडायचो, अगदी त्याच्याच आवाजात, आणि ते मला ऐकू यायचं, हे सगळ्यात वाईट. आई म्हणाली याला बाहेरची बाधा झाली, चिखलीकडच्या दर्ग्यावर नेऊ. तुला विचारायला बोलावलं, कारण दर्ग्याचं तुला जास्त कळणार असा तिचा हिशेब. तू चहा पीत बसलास आणि म्हणालास, "दर्ग्यावर मागून नेऊ, माय. पहिले जिनातलं भूत पाहू दे मले."

आई तुझ्यावर रागावली. मी मनात म्हटलं, कोळसा टाकणारा माणूस, हा काय पाहणार.

आता ती संध्याकाळ. आपण दोघांनी तिच्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. काम सुटल्यावर मी जिनामागच्या विहिरीवर गेलो होतो, बायलरला पाणी जायचं तीच. काठावर बसलो होतो. पाणी प्यायला गेलो नव्हतो, कादर. आज लिहून टाकतो. परत घरी यायचं म्हणून गेलो नव्हतो.

तू कुठून आलास कोण जाणे. कोळशानं काळा, फक्त डोळे पांढरे. माझ्या शेजारी बसलास, पाय आत सोडलेस, बिडी पेटवलीस आणि तुझ्या सासऱ्याच्या लुंगीची गोष्ट सुरू केलीस. तुझ्या बकरीनं ती लुंगी वाळत घातलेली कशी खाल्ली, आणि सासरा चादर गुंडाळून कसा शेजारी पळाला, आणि बकरीला नंतर कसा जुलाब झाला. तू थांबेनास. मला इतका राग येत होता. माणसाला धड मरूही देत नाही, असं वाटत होतं. गोष्ट संपली तेव्हा तू बिडी विझवलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस.

"सकाळी येशील ना बे? तुह्याबिगर काम अडते माह्यं."

मी विचारलं, कसलं काम. तू म्हणालास सांगत नाही, पण येजो, आणि माझ्याकडून 'येतो' म्हणवून घेतल्याशिवाय उठला नाहीस. मग अंधारात दिसत नाही म्हणून माझा हात धरून मला घरापर्यंत आणलंस. तुझ्या डोळ्यांना काय धाड भरली होती? रेल्वेचा सिग्नल तू जिनातून ओळखायचास.

सकाळी मी आलो. का आलो सांगता येत नाही. तुझं काम अडेल, एवढंच डोक्यात होतं. भोंगा वाजला, गाड्या आत आल्या, बाया जमल्या आणि हेडबाबूनं नेहमीप्रमाणे बोट केलं, "चला बाबू, बसा. बघू आज जिनाचं किती नुकसान भरतंय." मी बसलो. हमालानं सरकीचं पोतं उचललं. आणि बायलरकडून तू आलास, अंगभर कोळसा, डोक्यावर मात्र ईदची पांढरी टोपी, आणि खांद्यावर गुळाची भेली.

तू फार अदबीनं म्हणालास, "हेडबाबू, आज सरकी नका ठेवू. नवस हाय."

कसला नवस म्हणून त्यानं विचारायच्या आत तू भेली पारड्यात ठेवलीस. मग रोहिणखेडचे गाडीवाले पुढे आले. तू पहाटे फाटकाबाहेर त्यांच्यात जाऊन काय पेरून ठेवलं होतंस, ते मला नंतर कळलं. ज्याच्याजवळ गुळाचा खडा होता त्यानं खडा टाकला, ज्याच्याजवळ ढेप होती त्यानं ढेप. रेच्यावरची सकूमावशी, सगळ्या बायांची म्होरकी, तिनं कमरेच्या पिशवीतून कुंकू काढून माझ्या कपाळाला लावलं, जशी काही महिनाभर त्याच कामाची वाट बघत होती. बायांनी नवसाच्या ओव्या सुरू केल्या. गूळ पडत होता आणि मी खालीच. शेवटी गूळ संपला.

तेव्हा सकूमावशीनं आपली शिदोरी काढली नाही का, आणि गाठोड्यासकट गुळावर ठेवली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. मंदीचे दिवस, कुणाच्या शिदोरीत अर्धी भाकर आणि मिरची, कुणाच्या नुसती कण्यांची गोळी. फडकी चढत गेली, दांडी हलली आणि मी वर उचललो गेलो. मला हसू आलं, कादर. किती दिवसांनी ते मलाच आठवेना. हसताना पारडं हलायला लागलं तर मावशीनं दटावलं, नीट बस, नवस सांडतो.

गलका ऐकून जिनाचे मालक शेटजी गादीवरून उठून आले. हेडबाबूला वाटलं, आता सुटलो. पण शेटजी पडले देवभोळे, समोर कुंकू, गूळ, ओव्या. त्यांनी आधी जोडे काढले. हात जोडले. मग हळूच तुला विचारलं, कोणत्या देवाचा नवस. आणि तू, लेका, डोळ्याची पापणी न हलवता सांगितलंस की आमच्या रोहिणखेडची रीत हाय, देवाचं नाव तोंडातून काढलं तर नवस फिटत नाही. अशी रीत रोहिणखेडात कुणी ऐकलेली नाही. तरी सगळे गाडीवाले माना हलवत होते. शेटजींनी पण मान हलवली.

प्रसाद तिथेच वाटला. शिदोऱ्या सुटल्या, कुणाची भाकर कुणाच्या हातात, वर गूळ. शेटजींनी स्वतःच्या हातानं हेडबाबूच्या तळव्यावर खडा ठेवला आणि तो खाईपर्यंत समोर उभे राहिले. तोंडात गूळ असताना माणसाला ओरडता येत नाही, हे आम्ही त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. जाताना शेटजी म्हणाले, काट्यावर नवस फिटला, आता या पारड्यात माणूस बसवायचा नाही. बाया रोज सकाळी काट्याला हळदीकुंकू लावायला लागल्या. मी त्याच काट्याशी उभा राहून पहिली गाडी तोलली आणि माप एकदाच घेतलं.

ओरडणं काही थांबलं नाही. पण तो कुणावर खेकसला की रेच्यांमागून कुणीतरी, बाईमाणूस की गडी ते कळायचं नाही, विचारायचं, "गूळ आणू का?" सगळं जिन खुदखुदायचं, आणि ज्याच्यावर तो ओरडत असायचा तो माणूसही. मला बरं वाटायला वेळ लागला. वजनं पुढे बरेच दिवस हातातून सुटत राहिली. पण विहिरीवर मी पुन्हा त्या कामासाठी गेलो नाही, आणि नुसता पाणी प्यायला गेलो तरी तू माझ्याआधी तिथे बसलेला असायचास, पाय आत सोडून. मला वाटायचं तुला तिथे गार वाटतं.

आता आपलं भांडण. तुला ठाऊक आहे कोणतं. त्या दिवसापासून मी तुझ्यामागे लागलो होतो, की माझा जीव वाचवलास ते खरं, पण देवाच्या नावावर खोटं बोललास. माणसाला फसव, हेडबाबूला फसव, शेटजींना फसव, पण नवस म्हणजे काय थट्टा आहे? दर ईदला शीरखुर्मा खाता खाता मी हा विषय काढायचो, दर पोळ्याला तू पुरणपोळी खाता खाता तो ऐकायचास. आणि तुझं उत्तर एकच. खांदे उडवायचे आणि विचारायचं, "खोटं कोन्तं बे?" मग मी अजून चिडायचो. आणि तू विचारायचास, गूळ आणू का.

दुसरंही एक आहे. मंदी सरता सरता शेटजींनी हेडबाबूलाच काढलं, तेव्हा त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनवर तू गेलास. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. तू म्हणालास, त्याच्यावरही मुंबईहून कोनी तरी वरडत होतं, मी तारा वाचताना ऐकल्या हायत. मी म्हटलं, म्हणून त्यानं आमच्यावर ओरडायचं? तू म्हणालास, नाही, म्या कुठं म्हटलं? तू माफ नको करू. ट्रंक जड होती, एवढंच. तर कादर, मी अजून माफ केलेलं नाही. तू परवानगी दिली आहेस, तेव्हा ती वापरतोय.

माती देऊन आम्ही परत तुझ्या घरी बसलो होतो. अमिनाभाबी आत होत्या. मी उठून पडद्याशी गेलो आणि मूर्खासारखं तेच बोललो. म्हटलं, भाबी, आमचं एक भांडण अर्धं राहिलं. त्यांनी विचारलं, गुळाचं ना? मी हो म्हटलं. मग त्या पडद्याआडून म्हणाल्या, "त्या रातीले ते जेवले नाहीत, बाबू. मन्नत मागून आलो म्हने. सकाळी बाबू कामावर आला, तर त्याले गुळानं तोलीन. रातभर दारात बसून होते, तुमच्या घराकडं पाहत."

मी तिथेच सगळं पुन्हा जोडून पाहिलं.

म्हणजे तुला विहिरीवरच सगळं कळलं होतं. बकरी, लुंगी, जुलाब, सगळं सांगताना कळलं होतं. आणि मी सकाळी फाटकातून आत आलो तेव्हा तुझा नवस फिटायची वेळ झाली होती, म्हणून तू ईदची टोपी घातली होतीस. हेडबाबूचा काट्याचा खेळ फक्त हाताशी होता. मी मात्र इतकी वर्षं तुला खोटारडा म्हणत तुझाच शीरखुर्मा खाल्ला. आणि तू सांगितलं नाहीस, कारण सांगायचं तर विहीर सांगावी लागली असती.

काल कामावर गेलो. भोंगा वाजला, मी काट्याशी गेलो, सकूमावशीनं कुंकू लावून ठेवलेलंच होतं. गाड्या यायला वेळ होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून पारड्यात बसलो, गुडघे छातीशी घेऊन, त्या दिवशीसारखा. मोठा झालोय रे, दांडी करकरली. मावशीनं पाहिलंच. पदर डोळ्याला लावला आणि मग हसत विचारलं, गूळ आणू का?

चाळिसाव्या दिवशी येतो, भेली घेऊन. भाबींना सांगून ठेवलंय. आणि भांडण आता मिटलं म्हण. खोटं काहीच नव्हतं बे.